पुनर्मापन संशोधनातील परिणाम-आकार : भाजकाचा प्रश्न
(धार-देवास परिसरातील शिक्षक-शिक्षणाच्या संदर्भात एक समीक्षा)

प्रस्तावना

आपल्याकडील शैक्षणिक संशोधनात एक आराखडा फार रुळलेला आहे. एका गटाची पूर्व चाचणी घ्यायची, त्याच गटाला नव्या पद्धतीने शिकवायचे, मग उत्तर चाचणी घ्यायची आणि दोन मध्यमानांतील फरकाचे टी-मूल्य काढायचे. 'प्राप्त टी-मूल्य ०.०१ स्तरावर सार्थक आहे, सबब शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येत आहे' असे वाक्य लिहिले की प्रकरण संपते. पद्धत परिणामकारक ठरते आणि शिफारशींचे पान सुरू होते.

टी-मूल्य सार्थक आहे म्हणजे फरक केवळ योगायोगाने आला असण्याची शक्यता कमी आहे, एवढेच कळते. फरक किती मोठा आहे, हे त्यावरून कळत नाही. गट मोठा असेल तर क्षुल्लक फरकही सार्थक ठरतो. म्हणून फरकाचे आकारमान स्वतंत्रपणे सांगावे, अशी अपेक्षा संशोधनविश्वात रूढ झाली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखन-नियमावलीच्या २००१ च्या पाचव्या आवृत्तीत ती स्पष्टपणे आली. या आकारमानालाच परिणाम-आकार किंवा इफेक्ट साइझ म्हणतात. आता आपल्या प्रबंधांतही 'कोहेनचा डी' दिसू लागला आहे आणि ही गोष्ट स्वागतार्ह आहे.

मात्र एकाच व्यक्तीचे दोनदा किंवा अधिक वेळा मापन केलेले असते, तेव्हा 'डी' हा एक आकडा राहत नाही. त्याच माहितीतून तीन-चार वेगवेगळे 'डी' निघतात आणि त्यांच्यात दुपटीहून अधिक तफावत पडू शकते. कोणता डी काढला हे न सांगता फक्त आकडा छापणे, ही जुन्या 'सार्थक फरका'चीच नवी आवृत्ती आहे. प्रस्तुत लेखात या प्रथेची समीक्षा केली आहे.

माळव्यातील संदर्भ

धार आणि देवास ही पवार घराण्याच्या संस्थानांची गावे. मराठी वाचणारा-लिहिणारा वर्ग तेथे पिढ्यानपिढ्या आहे. धारचा शैक्षणिक संबंध प्रामुख्याने इंदूरच्या विद्यापीठाशी राहिला आहे. १९६४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला पुढे देवी अहिल्या विश्वविद्यालय हे नाव मिळाले. देवासचा संबंध १९५७ साली स्थापन झालेल्या उज्जैनच्या विद्यापीठाशी आला.

इंदूरचा उल्लेख येथे सहज केलेला नाही. सूक्ष्म अध्यापनाची कल्पना १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. भारतात १९६७ मध्ये अलाहाबाद येथे डी. डी. तिवारी यांनी तिचा प्रयोग केला. पुढे बडोदा आणि इंदूर ही तिच्या अभ्यासाची महत्त्वाची केंद्रे झाली. बी. के. पासी यांचे सूक्ष्म अध्यापनावरील पुस्तक १९७६ साली प्रसिद्ध झाले आणि इंदूरच्या शिक्षणशास्त्र विभागाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

सूक्ष्म अध्यापनाचे भारतीय प्रतिमान प्रत्येक बी.एड. प्राध्यापकाला पाठ आहे : अध्यापन ६ मिनिटे, प्रत्याभरण ६, पुनर्नियोजन १२, पुनराध्यापन ६, पुनर्प्रत्याभरण ६, एकूण ३६ मिनिटे. संख्याशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर हे शुद्ध पुनर्मापन आहे. तोच प्रशिक्षणार्थी, तेच कौशल्य, तोच पाठ, आणि गुण दोनदा. म्हणजे परिणाम-आकाराचा हा प्रश्न माळव्यातील शिक्षक-शिक्षणाच्या अगदी नित्याच्या कामात दडलेला आहे.

एक माहिती, अनेक उत्तरे

मुद्दा कळण्यासाठी सर्वांना पडताळून पाहता येईल अशी खरी माहिती घेऊ. १९०५ साली कुश्नी आणि पीबल्स यांनी अमेरिकेतील कलामाझू येथील मनोरुग्णालयातील रुग्णांवर झोपेच्या औषधांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणाऱ्या गॉसेट यांनी टी-चाचणीच्या मूळ लेखात त्यातील १० रुग्णांची आकडेवारी वापरली. १९२५ मध्ये फिशर यांनी ती आपल्या पाठ्यपुस्तकात घेतली. आज आर या मोफत संगणक-प्रणालीत ती 'स्लीप' या नावाने आयतीच मिळते.

नेहमीच्या झोपेपेक्षा किती तास जास्त झोप लागली, याची ही नोंद आहे. पहिले औषध : ०.७, −१.६, −०.२, −१.२, −०.१, ३.४, ३.७, ०.८, ०.०, २.०. त्याच रुग्णांना त्याच क्रमाने, दुसरे औषध : १.९, ०.८, १.१, ०.१, −०.१, ४.४, ५.५, १.६, ४.६, ३.४.

मध्यमाने अनुक्रमे ०.७५ व २.३३ आणि फरक १.५८ तास. प्रमाण विचलने १.७९ व २.००. दोन स्तंभांतील सहसंबंध ०.८०. प्रत्येक रुग्णाच्या फरकाचे प्रमाण विचलन १.२३. जोडीचे टी-मूल्य ४.०६, स्वाधीनता मात्रा ९.

आता परिणाम-आकार काढू.

(१) फरकाचे मध्यमान भागिले फरकांचे प्रमाण विचलन : १.५८ ÷ १.२३ = १.२८. याला डी-झेड म्हणतात.

(२) फरकाचे मध्यमान भागिले दोन्ही मापनांच्या प्रमाण विचलनांची सरासरी : १.५८ ÷ १.९० = ०.८३. याला डी-एव्ही म्हणतात.

(३) जोडीचे टी-मूल्य घेऊन ते दोन स्वतंत्र गटांच्या सूत्रात घातले तर उत्तर येते १.८२.

अंश तोच आहे, १.५८ तास. बदलला तो भाजक. तिसरे उत्तर तर सरळ चूक आहे, कारण जोडीच्या टी-मूल्यात सहसंबंधाचा फायदा आधीच मिळालेला असतो आणि स्वतंत्र गटांचे सूत्र ते गृहीत धरत नाही. डनलॅप आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली हीच गोष्ट दाखवून दिली. त्यांनी सांगितल्याप्रमाणे सहसंबंधाची दुरुस्ती केली की १.८२ चे ०.८२ होते. तरीही जुन्या लेखांतील टी-मूल्यांवरून परिणाम-आकार काढणारे अनेकजण हीच वाट धरतात, कारण मूळ लेखात सहसंबंध छापलेलाच नसतो.

डी-झेड नेमके काय मोजतो?

डी-झेड चूक नाही. पण तो 'फरक किती मोठा' या प्रश्नाचे उत्तर देत नाही. 'फरक किती एकसारखा' याकडे त्याचा कल असतो.

याची साक्ष याच आकडेवारीत आहे. नवव्या रुग्णाला दुसऱ्या औषधाने पहिल्यापेक्षा ४.६ तास अधिक झोप लागली. सर्वांत मोठा लाभ त्याचाच. त्याला वगळून गणित पुन्हा केले तर सरासरी लाभ १.५८ वरून १.२४ तासांवर येतो. ज्याला सर्वाधिक फायदा झाला तोच गेला, तेव्हा परिणाम कमी दिसायला हवा. डी-एव्ही खरोखरच ०.८३ वरून ०.६५ वर उतरतो. डी-झेड मात्र १.२८ वरून १.८९ वर चढतो आणि टी-मूल्यही ४.०६ वरून ५.६६ होते. लाभ घटला आणि 'परिणाम' वाढला! कारण उरलेल्या नऊ जणांचे फरक एकमेकांच्या जवळ आहेत, त्यामुळे भाजक निम्म्यावर आला.

वर्गात याचा अर्थ असा की, सगळ्या विद्यार्थ्यांचे प्रत्येकी दोनच गुण वाढवणारी पद्धत डी-झेडच्या दृष्टीने 'प्रचंड' ठरू शकते. काहींचे दहा, काहींचे पाच आणि काहींचे दोन गुण वाढवणारी पद्धत तिच्यापेक्षा बरीच लहान ठरू शकते. मुख्याध्यापकाने कोणती निवडावी? हे केवळ डी-झेड पाहून ठरवणे धोक्याचे आहे.

कोणत्या चढउताराशी तुलना?

मुळात परिणाम-आकार ही तुलना आहे. झालेला बदल कोणत्या तरी चढउताराच्या मापाने आपण मोजतो. हा चढउतार व्यक्ती-व्यक्तींमधला घ्यायचा की एकाच व्यक्तीच्या आतला, यावर निष्कर्ष बदलतो.

मराठी वाचकाला याचे एक मोठे उदाहरण ठाऊक असेल. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी कुपोषणाच्या मोजणीबाबत हाच भेद ऐरणीवर आणला. एकाच निरोगी माणसाचे उष्मांकसेवनही दिवसागणिक आणि आठवड्यागणिक बरेच बदलते. त्यामुळे सरासरी गरजेच्या खाली दिसणाऱ्या प्रत्येकाला कुपोषित धरले तर संख्या फुगते, असे त्यांचे म्हणणे होते. वि. म. दांडेकर यांनी या भूमिकेला विरोध केला आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी हा वाद गाजला. वादाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण चढउताराची मोजपट्टी बदलली की कोट्यवधी माणसांचे वर्गीकरण बदलू शकते, हे त्या वादाने दाखवले. आपल्या प्रबंधातील भाजकाची निवडही त्याच जातीची आहे.

सूक्ष्म अध्यापनातील सापळा

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा धारच्या एका महाविद्यालयात आणि देवासच्या एका महाविद्यालयात प्रत्येकी ४० प्रशिक्षणार्थींची प्रश्नकौशल्यावर नोंद झाली. दोन्हीकडे अध्यापनाचे मध्यमान २०, पुनराध्यापनाचे २३ आणि दोन्ही वेळचे प्रमाण विचलन ५ आहे. एका ठिकाणी दोन पाठांचे निरीक्षण दोन वेगळ्या प्राध्यापकांनी केले आणि दुसऱ्या निरीक्षकाला आधीचे गुण माहीत नव्हते. तेथे सहसंबंध ०.५ आला. दुसऱ्या ठिकाणी एकाच मार्गदर्शकाने दोन्ही वेळा गुण दिले. तेथे सहसंबंध ०.९ आला.

पहिल्या ठिकाणी फरकांचे प्रमाण विचलन ५, डी-झेड ०.६० आणि टी-मूल्य ३.७९ येते. दुसऱ्या ठिकाणी हेच आकडे २.२४, १.३४ आणि ८.४९ होतात. दोन्हीकडे वाढ ३ गुणांचीच आहे आणि डी-एव्हीही ०.६० च आहे. तरी पहिला संशोधक 'मध्यम परिणाम' लिहील आणि दुसरा 'अतिशय मोठा परिणाम' लिहील. प्रशिक्षणार्थींच्या कौशल्यात काडीचाही फरक नसताना केवळ निरीक्षणाच्या व्यवस्थेने हा चमत्कार घडवला. पहिल्या पाठात बरा वाटलेला विद्यार्थी दुसऱ्या पाठातही बरा वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे. डी-झेड त्या स्वभावालाही पद्धतीच्या यशात जमा करतो.

उच्च सहसंबंध नेहमी संशयास्पद असतो, असे यावरून समजू नये. मापन विश्वसनीय असेल तर सहसंबंध उच्च येतोच आणि त्यामुळे अनुमान अधिक नेमके होते. पुनर्मापनाचा खरा लाभ तोच आहे. पण नेमकेपणा आणि मोठेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोहेन यांच्या ०.२, ०.५ आणि ०.८ या परिचित पायऱ्या व्यक्ती-व्यक्तींमधील प्रमाण विचलनाच्या मापाने बांधलेल्या आहेत आणि जोडीच्या मापनासाठी सहसंबंधाची दुरुस्ती त्यांनी स्वतःच सांगितली आहे. डी-झेडला त्या पायऱ्यांवर उभे करणे म्हणजे मीटरने मोजून फुटांच्या तक्त्यात उत्तर शोधणे होय. जॉन हॅटी यांच्या २००९ च्या ग्रंथातील ०.४० या उंबरठ्याबाबतही तीच सावधगिरी हवी. पूर्व-उत्तर वाढ आणि दोन गटांतील फरक एका पट्टीवर मांडल्याबद्दल त्या ग्रंथावर टीका झालेली आहे.

तीन किंवा अधिक मापने

पूर्व चाचणी, उत्तर चाचणी आणि धारणा चाचणी अशी तीन मापने असतील तर प्रसरण विश्लेषण वापरले जाते आणि एसपीएसएस आंशिक ईटा वर्ग छापून देते. पुनर्मापनात हे मूल्य काढताना व्यक्ती-व्यक्तींमधील फरक भाजकातून वगळलेला असतो. झोपेच्या त्याच आकडेवारीत आंशिक ईटा वर्ग ०.६५ येतो. ओलेनिक आणि अल्जिना यांनी २००३ मध्ये सुचवलेला आणि बेकमन यांनी २००५ मध्ये पुनर्मापनासाठी शिफारस केलेला सामान्यीकृत ईटा वर्ग मात्र ०.१६ येतो. पहिला आकडा पाहून 'एकूण प्रसरणापैकी ६५ टक्के प्रसरण औषधामुळे' असे लिहिले तर ते चूक ठरेल. तसे वाक्य लिहायचेच असेल तर ते १६ टक्क्यांबद्दल लिहावे लागेल.

संगणकावर भिस्त

एसपीएसएसच्या २०२० मधील २७ व्या आवृत्तीपासून जोडीच्या टी-चाचणीबरोबर कोहेनचा डी आपोआप मिळतो. काही वेगळे निवडले नाही तर तो डी-झेडच असतो. तक्त्याखालच्या टिपेत भाजक कोणता ते लिहिलेले असते. पण तक्ता प्रबंधात उतरवताना ही टीप गळून पडते. सोयीमुळे प्रथा पडली आणि प्रथेमुळे विचार थांबला, असे येथे झाले आहे.

मग निवड कशी करावी?

निवड संशोधनाच्या प्रश्नावरून व्हावी. अध्यापनपद्धतीने किती प्रगती झाली हा प्रश्न असेल तर पूर्व चाचणीचे प्रमाण विचलन हा स्वाभाविक भाजक आहे, कारण उपक्रमाचा परिणाम त्याच्यावर झालेला नसतो. उत्तर चाचणी सोपी असेल तर बहुतेक विद्यार्थी कमाल गुणांपाशी गोळा होतात, विचलन आक्रसते आणि सरासरी भाजकही कृत्रिमपणे लहान होतो. दोन्ही मापनांपैकी एकही 'पूर्व' नसेल, जसे दोन औषधे किंवा दोन पद्धती आळीपाळीने वापरल्या असतील, तर डी-एव्ही योग्य ठरतो. पुढील अभ्यासासाठी नमुन्याचा आकार ठरवायचा असेल तेथे डी-झेड उपयोगी आहे.

नियंत्रित गट असेल तर केवळ प्रायोगिक गटाच्या पूर्व-उत्तर फरकाचा डी देऊ नये. दोन गटांच्या वाढीतील फरकाला दोन्ही गटांच्या पूर्व चाचणीच्या एकत्रित प्रमाण विचलनाने भागावे; मॉरिस यांनी २००८ मध्ये याच रीतीची शिफारस केली. नियंत्रित गट नसेल तर सराव, वाढते वय, दरम्यानचे वर्गकाम आणि फार कमी गुण मिळालेल्यांचे मध्यमानाकडे परतणे, हे सारे त्या एका आकड्यात शिरते. कोणताही भाजक ही उणीव भरून काढू शकत नाही.

मूळ एककातील फरक तर कधीच वगळू नये. देवास शहरातील निवडक प्रवेशाच्या वर्गात गुणांचा विस्तार लहान असेल. कुक्षी किंवा बागली तालुक्यातील, घरी भिली किंवा माळवी बोलणाऱ्या मुलांच्या संमिश्र वर्गात तो मोठा असू शकेल. दोन्हीकडे चारच गुण वाढले तरी पहिल्या वर्गाचा डी मोठा दिसेल. ज्या वर्गात शिकवणे अधिक कठीण, त्याच वर्गाच्या शिक्षकाचे काम कागदावर लहान ठरेल. पन्नासपैकी चार गुण वाढले, हे साधे वाक्य अशा वेळी अधिक न्याय्य असते.

अहवालात काय असावे?

किमान पुढील बाबी द्याव्यात : व्यक्तींची संख्या, प्रत्येक मापनाचे मध्यमान व प्रमाण विचलन, मापनांमधील सहसंबंध, मूळ एककातील फरक व त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल, आणि परिणाम-आकार, त्याच्या भाजकाच्या उल्लेखासह. झोपेच्या माहितीवरून नमुना असा होईल :

'दहा रुग्णांत दुसऱ्या औषधाने पहिल्यापेक्षा सरासरी १.५८ तास अधिक झोप लागली (९५ टक्के विश्वास-अंतराल ०.७० ते २.४६ तास). प्रमाण विचलने १.७९ व २.००, सहसंबंध ०.८०. दोन प्रमाण विचलनांच्या सरासरीने भागलेला परिणाम-आकार ०.८३ आहे.'

नमुना इतका लहान असताना हेजेस यांची दुरुस्ती लावली तर ०.८३ चे सुमारे ०.७६ होते, तेही नमूद करावे. एवढा मजकूर असला की वाचक हवा तो परिणाम-आकार स्वतः काढू शकतो. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्यालाही आपला अभ्यास वापरता येतो. सहसंबंध छापण्यास एक ओळही लागत नाही, पण तो नसेल तर संपूर्ण प्रबंध पुढच्या संशोधकासाठी जवळपास निरुपयोगी ठरतो.

समारोप

आपल्या महाविद्यालयांतील बहुतेक अभ्यास लहान गटांवर, एकाच शिक्षकाने, नियमित तासिका सांभाळून केलेले असतात. त्यांचे मोल कमी नाही. परंतु अशा अभ्यासांवरूनच उद्या एखादी शाळा वेळापत्रक बदलते, एखादे महाविद्यालय सराव-पाठांची रचना ठरवते. तेथे १.८२, १.२८ आणि ०.८३ यांपैकी कोणता आकडा हाती पडला यावर निर्णय फिरू शकतो. मार्गदर्शकांनी प्रबंध तपासताना आणि संपादकांनी लेख स्वीकारताना प्रत्येक 'डी'पुढे एकच प्रश्न विचारावा : भाजक कोणता? उत्तर लेखात सापडत नसेल, तर तो आकडा कितीही मोठा असो, त्यावर शिफारस उभी करू देऊ नये.